पोटात की पोटाच्या भिंतीत?

पोटदुखीला मराठीत किती शब्द आहेत, हे एकदा मोजून पाहावं. मुरडा, कळ, पोटशूळ, वायगोळा, गुबारा. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण ही सगळी पोटाच्या आतली दुखणी. यांच्या जोडीला एक वेगळा शब्द आहे, तो म्हणजे उसण. उसण आतड्यात भरत नाही, ती अंगात भरते; पाठीत, कुशीत, बरगडीखाली. तिच्यासाठी जुन्या बायका वैद्याकडे जात नसत. एखाद्या पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय दुखऱ्या जागी लावून घेत. पायाळूच्या पायात गुण असतो का, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. पाय लावायच्या आधी घरातल्या कोणीतरी ठरवलेलं असे, की हे दुखणं पोटातलं नाही, अंगातलं आहे. म्हणजे आजीबाईंनी एक निदान केलेलं असे.

आज बोलायचं आहे ते याच निदानाबद्दल. रात्री दोन वाजता एखादा माणूस पोट धरून इस्पितळात येतो. दुखणं आतल्या अवयवांचं, की त्यांच्यावरच्या भिंतीचं? प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर चुकलं तर दोन्हीकडून नुकसान. भिंतीचं दुखणं आतलं समजलं, तर विनाकारण पोट उघडलं जातं. उलट, भिंतीतल्या फटीत आतडं अडकलेलं असताना ते लक्षात आलं नाही, तर काही तासांत आतडं काळं पडतं आणि माणूस हातचा जातो. मी सर्जन म्हणून चाळीस वर्षं गिरगावपासून लालबागपर्यंतच्या पट्ट्यात काम केलं. या प्रश्नाला जसा जगाच्या वैद्यकात इतिहास आहे, तसा या पट्ट्यातही आहे. तोच थोडक्यात सांगतो.

आधी ही भिंत म्हणजे काय, ते पाहू. पोटावर मधोमध दोन उभे स्नायू असतात, बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत ताणलेले, दोन पट्ट्यांसारखे. त्यांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आडवे-तिरपे थर असतात. प्लायवूडमध्ये एका थराचे रेषे उभे, तर दुसऱ्याचे आडवे असतात, आणि त्यामुळेच त्याला बळकटी येते. पोटाच्या बाजूची रचना तशीच आहे. या थरांमधून पाठीच्या कण्यातून निघालेल्या नसा पुढे येतात आणि उभ्या पट्ट्यांपाशी एकदम काटकोनात वळून, बारीक भोकांतून कातडीकडे जातात. सगळ्यांत आत एक पातळ अस्तर, आणि त्याच्या आत आतडी. भिंत भक्कम असली तरी तिला काही कच्च्या जागा आहेत: बेंबी, जांघ, मांडीची सुरुवात, जुन्या ऑपरेशनची जागा. तिथून आतला ऐवज बाहेर डोकावला, की त्याला आपण हर्निया म्हणतो. जुना शब्द अंतर्गळ.

या भिंतीचं नातं आपल्या भायखळ्याशी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १८५८ साली लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचं शरीररचनेवरचं पुस्तक निघालं. ‘ग्रेज अ‍ॅनॅटॉमी’ या नावानं ते जगभर गेलं आणि आजही त्याच्या आवृत्त्या निघतात. त्या पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रं होती. ती काढणारा तरुण डॉक्टर हेन्री व्हॅन्डाइक कार्टर पुस्तक निघालं त्याच वर्षी मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला आणि पुढे तीस वर्षं भारतातच नोकरीत राहिला. पुढे तो त्या कॉलेजचा मुख्यही झाला. पोटाच्या भिंतीचे थर ज्या हातानं जगासाठी रेखाटले, त्याच हातानं ते भायखळ्यातल्या मराठी, गुजराती, पारशी विद्यार्थ्यांना शिकवले.

ग्रँट मेडिकल कॉलेज आणि शेजारचं जे. जे. रुग्णालय १८४५ सालची. कॉलेजचे पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड. विद्यार्थ्यानं पुस्तकाइतकंच रुग्णाच्या खाटेशी उभं राहून शिकावं, हा त्यांचा आग्रह. त्या काळात पोट उघडून आत पाहणं ही गोष्ट जवळजवळ अशक्यच होती. भूल नुकतीच आली होती आणि जंतूंची कोणाला कल्पना नव्हती. पोटाच्या अचानक उद्भवणाऱ्या दुखण्यांपैकी सर्जनच्या हाती लागण्यासारखं मुख्यतः एकच होतं, अडकलेला हर्निया, कारण तो भिंतीत असे आणि बाहेरून दिसे. गंमत अशी, की पहिलं अपेंडिक्स काढल्याची जी नोंद आहे तीसुद्धा हर्नियातलीच. लंडनमध्ये १७३५ साली क्लॉडियस अमियां या सर्जननं ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियाचं ऑपरेशन केलं, तेव्हा आत आतड्याऐवजी त्याला अपेंडिक्स सापडलं. तेव्हा पोटाच्या दुखण्यात सर्जन आधी भिंत पाहत असे. आत शिरायला त्याला दुसरी वाट नव्हती.

ही वाट पुढे खुली झाली. १८६७ साली लिस्टर यांनी जंतुनाशकांचा वापर जगापुढे मांडला. १८८६ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी अपेंडिक्सच्या सुजेला नाव दिलं आणि लवकर ऑपरेशन करा असं सांगितलं. मग १९०२ मध्ये एक नाट्यमय प्रसंग घडला. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. त्याआधी दोनच दिवस त्याचं पोट इतकं दुखू लागलं, की फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या सर्जननं राजवाड्यातच ऑपरेशन करून अपेंडिक्सभोवतीचा पू बाहेर काढला. राजा वाचला आणि राज्याभिषेक ऑगस्टमध्ये झाला. अपेंडिक्स हा शब्द त्यामुळे घरोघरी पोचला. परळचं के.ई.एम. रुग्णालय ज्याच्या स्मरणार्थ आहे तो एडवर्ड हाच. त्यानंतर मात्र पोटाच्या उजव्या बाजूला दुखलं, की अपेंडिक्सच असणार असं मानण्याचा काळ आला. पोट उघडणं सोपं झालं आणि भिंतीकडे पाहणं मागे पडलं.

मुंबईत मात्र या प्रश्नाला आणखी एक पदर होता. भिंत तपासायची तर पोट उघडं करावं लागतं, आणि जांघ तर हमखास. स्त्री रुग्णांच्या बाबतीत हे एकोणिसाव्या शतकात जवळपास अशक्य होतं. म्हणून १८८३ साली एडिथ पीची ही इंग्रज स्त्री डॉक्टर मुंबईत आली आणि १८८६ साली फक्त स्त्रिया व मुलांसाठी, स्त्री डॉक्टरांच्या हाती असलेलं कामा रुग्णालय सुरू झालं, याचं महत्त्व फार मोठं होतं. पण दहाच वर्षांत प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. प्लेगची गाठ उठते काखेत आणि जांघेत. म्हणजे जिथे हर्निया असतो तिथेच. ती शोधायला सरकारी पथकं घरांत शिरू लागली, रेल्वे स्टेशनांवर बायका-पुरुषांना उभं करून अंग तपासू लागली. लोक संतापले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेच आजचं कस्तुरबा रुग्णालय. मार्च १८९८ मध्ये एका आजारी मुलीची तपासणी करायला आलेल्या पथकावरून मदनपुऱ्यात दंगल झाली. प्लेगची गाठ शोधणं गरजेचं होतं, यात शंका नाही. पण ज्या रीतीनं ती शोधली गेली, त्या रीतीनं तपासणीचा हात आणि अपमान यांची सांगड लोकांच्या मनात घातली. हाताची ती धास्ती कमी व्हायला वेळ लागला.

आता येतं १९२६ साल. आमच्या या विषयात हे वर्ष मैलाच्या दगडासारखं आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत परळला के.ई.एम. रुग्णालय सुरू झालं. त्याला जोडलेल्या कॉलेजासाठी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी दिली ती एका अटीवर: शिकवणारे डॉक्टर भारतीय असावेत. डॉ. जीवराज मेहता त्याचे सुरुवातीचे डीन. गिरणगावातल्या माणसाला त्याच्या भाषेत ‘कुठं दुखतंय?’ असं विचारणारा डॉक्टर आता हाकेच्या अंतरावर आला. भाषा कळते तेव्हा उसण आणि मुरडा यांतला फरकही कळतो.

आणि त्याच वर्षी, हजारो मैल दूर, पोटाच्या भिंतीवर दोन लेख प्रसिद्ध झाले. पहिला फिलाडेल्फियाच्या जॉन बर्टन कार्नेट यांचा. त्यांच्याकडे असे रुग्ण येत, की ज्यांची पोटं अपेंडिक्स समजून उघडली गेली होती आणि ज्यांचं दुखणं तरीही तसंच होतं. कार्नेट यांचं म्हणणं असं, की यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं पोटात नसून भिंतीतल्या नसांत आहे. ते ओळखायला त्यांनी एक चाचणी सांगितली. रुग्णाला उताणं झोपवायचं. बोटानं दाबत दाबत सर्वांत दुखरी जागा शोधायची. बोट तिथेच ठेवून रुग्णाला सांगायचं, ‘हात छातीवर बांधा आणि डोकं-खांदे थोडे वर उचला.’ असं केलं की पोटाचे स्नायू ताठ होतात आणि ढालीसारखे आतल्या अवयवांवर उभे राहतात. दुखणं आतलं असेल, तर ढालीवरून दाबल्यावर ते कमी होतं. दुखणं ढालीतच असेल, तर तितकंच राहतं किंवा वाढतं. या चाचणीला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, अर्धा मिनिट पुरतो.

दुसरा लेख मँचेस्टरचे स्त्रीरोगतज्ज्ञ विल्यम फोदरगिल यांचा. गर्भाशय खाली उतरण्यावरच्या त्यांच्या ऑपरेशनमुळे हे नाव मुंबईच्या डॉक्टरांना परिचित आहे, आपल्या डॉ. विठ्ठल शिरोडकरांनी त्या ऑपरेशनमध्ये केलेली सुधारणा प्रसिद्ध आहे. १९२६ च्या लेखात फोदरगिल यांनी सांगितलं, की पोटाच्या उभ्या पट्ट्यात रक्त साकळून गाठ होते आणि ती ओटीपोटातला ट्यूमर वाटू शकते. ओळखायची कशी? स्नायू ताठ करायला सांगा. पोटाच्या आतली गाठ मग हाताला लागेनाशी होते. पट्ट्यातली गाठ तशीच लागत राहते, आणि ती मधली रेषा ओलांडून पलीकडे जात नाही. दोघांची युक्ती एकच होती: भिंतीला ताठ व्हायला सांगायचं आणि पाहायचं. दोघांनी एकमेकांना विचारून हे लिहिलं नव्हतं.

ही रक्ताची गाठ तशी दुर्मीळ, पण प्रत्येक सर्जनला केव्हातरी भेटतेच. उभ्या पट्ट्यामागून एक रक्तवाहिनी जाते. जोराचा खोकला, उचकी, वजन उचलताना बसलेला हिसका यांनी ती फाटते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर धोका वाढतो. हृदयविकारानंतर अशी औषधं घेणारे आता घरोघरी आहेत. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या रुग्णांत खोकला आणि रक्त पातळ करणारी इंजेक्शनं ही दोन्ही कारणं एकत्र आली, आणि अशा गाठींची वर्णनं अनेक देशांतून प्रसिद्ध झाली. दहीहंडीच्या रात्री थरावरून पोटावर आपटलेल्या पोरांतही स्नायू फाटून गाठ होऊ शकते. मात्र तिथे आमचा नियम उलटा असतो: आधी प्लीहा, यकृत, आतडं शाबूत आहेत याची खात्री, मग भिंत.

नसांच्या दुखण्याची गोष्ट थोडी वेगळी. मघाशी सांगितलं, की नसा काटकोनात वळून बारीक भोकांतून बाहेर येतात. त्या वळणावर नस चिमटली, की एका बोटानं दाखवता येईल अशा जागी सुरीसारखं दुखतं. अमेरिकेतल्या अ‍ॅपलगेट या डॉक्टरांनी १९७२ साली याचं तपशिलात वर्णन केलं. लालबागला एक तरुण माथाडी कामगार माझ्याकडे आला होता. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, दुर्बीण घालून जठर पाहिलं, सगळं ठीक. पण दुखणं जाईना. घरचे म्हणू लागले, ‘कामाचा कंटाळा आलाय त्याला.’ मी म्हटलं, ‘कुठे दुखतं ते एका बोटानं दाखवा.’ त्यानं बेंबीच्या उजवीकडे नेमकी एक जागा दाखवली. डोकं उचलायला सांगितलं, तर तो ओरडलाच. त्या जागी भूल देणाऱ्या औषधाचं छोटं इंजेक्शन दिलं आणि पंधरा मिनिटांत तो उठून बसला. इंजेक्शनानं दुखणं थांबतं, हाच निदानाचा पुरावा ठरतो. पुढे दोन-तीनदा ते द्यावं लागलं. पण त्याच्या दृष्टीनं मोठी गोष्ट ही झाली, की घरच्यांसमोर कोणीतरी सांगितलं, दुखणं खरं आहे.

नागीण हे याच नसांचं दुखणं. पुरळ उठण्याआधी दोन-तीन दिवस नुसतंच दुखतं, आणि ते पोटाच्या पट्ट्यात असेल तर पित्ताशय, मुतखडा, अपेंडिक्स यांपैकी कशाचीही शंका येते. मग एका सकाळी फोड दिसतात आणि सगळा उलगडा होतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, असं आपल्याकडे म्हणतात. प्रत्यक्षात नागीण सहसा मधल्या रेषेवर थांबते, कारण प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूची असते. लंडनच्या हेड आणि कॅम्पबेल यांनी १९०० साली नागिणीचेच पट्टे अभ्यासून कोणती नस कातडीच्या कोणत्या भागाला जाते याचा नकाशा तयार केला. आजही पोटाची भिंत तपासताना आम्ही मनात तो नकाशा धरतो.

आणखी एक कारण आता जवळजवळ दिसत नाही, पण मुंबईच्या इतिहासात त्याची जागा मोठी आहे: धनुर्वात. धनुर्वातात पोटाचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात. आत आतडं फुटलं तरी पोट असंच ताठ होतं. गिरण्यांत आणि गोदीत जखमा रोजच्या होत्या, लस सर्वांपर्यंत पोचली नव्हती. मुंबईतल्या डॉ. जे. सी. पटेल आणि डॉ. बी. सी. मेहता यांनी १९६३ साली धनुर्वाताच्या २००७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आकड्यावरूनच या शहरातल्या त्या दुखण्याचा विस्तार कळतो. ताठ पोटाचा रुग्ण आला की अनुभवी डॉक्टर म्हणे, ‘तोंड उघडा बघू.’ तोंड उघडेना, की दातखीळ समजायची, पायावरची जखम शोधायची आणि पोटावरची सुरी बाजूला ठेवायची. तोंड उघडायला सांगणं हीसुद्धा पोटाचीच तपासणी होती.

आतापर्यंत सांगितली ती भिंतीची अशी दुखणी, ज्यांत पोट उघडू नये. आता उलट बाजू, आणि माझ्या मते जास्त गंभीर. भिंतीतल्या फटीत आतडं अडकतं तेव्हा तातडीनं ऑपरेशन लागतं, आणि ती फट दिसली नाही तर सगळं संपतं. जांघेतला मोठा हर्निया पुरुष स्वतःच दाखवतो. पण मांडीच्या सुरुवातीला, जांघेच्या रेषेखाली होणारा हर्निया बायकांत जास्त. तो लहान असतो, सुपारीएवढा, आणि अडकण्यात सर्वांत पटाईत. कधीकधी त्यात आतड्याच्या भिंतीचा फक्त एक चिमटा सापडतो. रिश्टर या जर्मन सर्जननं अठराव्या शतकातच याचं वर्णन केलं आहे. अशा वेळी शौचाला होत राहतं, वारा सरत राहतो, आणि घरचे म्हणतात, पोट साफ आहे, मग काळजी कसली? कृश म्हाताऱ्या बायकांत ओटीपोटाच्या हाडाच्या भोकातून होणारा एक हर्निया तर बाहेरून दिसतही नाही. मांडीच्या आतल्या बाजूनं गुडघ्यापर्यंत जाणारी कळ हीच त्याची खूण.

गिरगावातल्या एका चाळीतून एका आजींना त्यांच्या सूनबाई घेऊन आल्या होत्या. दोन दिवस उलट्या, पोटात कळा. वेदनेचं इंजेक्शन, पित्ताची औषधं झाली होती. मी विचारलं, ‘आजी, जांघेत कुठे गाठ-बिठ आहे का?’

‘नाही हो डॉक्टर. पोटात दुखतंय माझ्या. तिथे काही नाही.’

सिस्टरनी पडदा ओढला आणि नऊवारीचा कासोटा सैल केला. मग मला आत बोलावलं. उजव्या मांडीच्या सुरुवातीला सुपारीएवढी, दाबली तरी आत न जाणारी गाठ होती. आजी म्हणाल्या, ‘ही होय? ही तर वर्षभर आहे. असल्या जागेचं पुरुषमाणसाला काय सांगायचं?’

त्याच रात्री ऑपरेशन झालं, आतड्याचा छोटा तुकडा काढावा लागला, आणि आजी दहाव्या दिवशी घरी गेल्या. त्या नाही म्हणाल्या ते खोटं बोलण्यासाठी नव्हे. जांघ म्हणजे पोट, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि त्यांनी नाही म्हटल्यावर पडदा ओढण्याचे कष्ट आधीच्या दोन दिवसांत कोणी घेतले नव्हते.

लाजेइतकंच दुसरं कारण पैशाचं. गिरणगावात बदली कामगाराला हर्निया झाला, की तो कंबरेचा पट्टा बांधून वर्षानुवर्षं काढी, कारण ऑपरेशन म्हणजे महिनाभराचा रोज बुडाला. पुढे जाळी लावून ऑपरेशन करण्याची पद्धत आली, तर जाळीची किंमत आड आली. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी यावर उपाय शोधला: मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून तेच जाळी म्हणून वापरायचं. २००३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा कापडाचे परिणाम महागड्या जाळीच्या तोडीचे ठरले. हर्निया लपवून ठेवण्याचं एक कारण तरी एका खेड्याकडच्या सर्जननं कमी केलं.

मग आता यंत्रं आली आहेत, तर हातानं तपासायची गरज काय, असं कोणी विचारील. यंत्रांचं मोल मी जाणतो. जे. जे. रुग्णालयाचे डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी १९७२ च्या सुमारास पोटात दुर्बीण घालून निदान करण्याची पद्धत भारतात रुजवली आणि १९९० साली जे. जे.मध्येच दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. मोठी चीर न घेता आत पाहता येऊ लागलं, त्यानं कित्येक पोटं वाचली. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन भिंतीतली रक्ताची गाठ, दडलेला हर्निया स्पष्ट दाखवतात. पण सोनोग्राफी करणाऱ्यानं जिथे पाहावं तिथेच दिसतं, आणि कुठे पाहायचं हे हातच सांगतो. चिमटलेली नस तर स्कॅनमध्ये सहसा दिसतच नाही.

हाताची चाचणीही निर्दोष नाही. थॉमसन आणि फ्रान्सिस या डॉक्टरांनी १९७७ साली पोटदुखीनं अचानक दाखल झालेल्या १२० जणांवर ती करून पाहिली. २४ जणांत ती भिंतीकडे बोट दाखवणारी निघाली, आणि त्यांतल्या फक्त एकाच्या पोटात आतला आजार सापडला. हा एक लक्षात ठेवायचा. सुजलेलं अपेंडिक्स भिंतीला चिकटलं असेल, तर भिंतही दुखते. अडकलेला हर्नियाही भिंतीतच दुखतो. लहान मुलं, अगदी म्हातारी माणसं आणि ताठ झालेलं पोट यांच्या बाबतीत तर चाचणीवर विसंबूच नये. म्हणून घरी डोकं उचलून पाहून कोणी स्वतःचं निदान करू नये. उलट्या थांबत नाहीत, वारा सरत नाही, पोट फुगलं किंवा लाकडासारखं झालं, ताप आहे, गाठ आत जात नाही आणि दुखते, चक्कर येते, यांपैकी काहीही असेल तर इस्पितळ गाठावं.

रुग्णानं इतकंच करावं. पोट दुखत असताना जांघेत, मांडीशी, बेंबीशी, जुन्या टाक्यांवर काही गाठ असेल तर विचारण्याची वाट न पाहता सांगावं. संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टर किंवा सिस्टर सोबत मागावी. तो रुग्णाचा हक्क आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं नाव सांगावं. आणि दुखणं एका बोटानं दाखवता येतं की सगळा तळवा फिरवावा लागतो, हे नीट पाहून सांगावं. डॉक्टरानं पडदा ओढावा, परवानगी मागावी, हात गरम करावा, जांघ तपासल्याशिवाय पोट तपासलं असं म्हणू नये, आणि स्कॅन लिहून देण्याआधी एकदा तरी म्हणावं, ‘जरा डोकं उचला बघू.’ एवढं दोघांनी पाळलं, तर पुष्कळ पोटं सुरीपासून वाचतील आणि काही माणसं मरणापासून.